पाण्याचा थांबा

भावोजी दवाखान्यात पडल्यापासून बंधूंच्या पायाला भिंगरी लागली होती. सकाळी ताईला तिच्या घरून घ्यायचं, दवाखान्यात सोडायचं, औषधं आणायची, धुतलेले कपडे न्यायचे, मळलेले परत आणायचे आणि संध्याकाळी पुन्हा तिला घरी पोचवायचं. नात्यानं ते तिचे धाकटे भाऊ, पण साठी त्यांनीही ओलांडली होती. रात्री अंथरुणावर पडलं की पाय आपले नसल्यासारखे वाटायचे.

ही सगळी धावपळ ते आपल्या जुन्या गाडीतून करत. पिस्ता रंगाची, गोल दिव्यांची ती गाडी कंपनीनं बनवायची बंद करून जमाना लोटला होता. भंगारवाल्यांची दुकानं पालथी घालून बंधूंनी तिचा एकेक भाग जमवला होता. त्यांची बायको तिला सवत म्हणायची, आणि तेही काही कौतुकानं नव्हे. पण गेल्या काही आठवड्यांत गाडीवरून साधं फडकंसुद्धा फिरलं नव्हतं. रेडिएटरचा वरचा पाइप चिरत चाललाय हे बंधूंना दिसत होतं. आज बदलू, उद्या बदलू, असं करता करता ते राहूनच जात होतं.

त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी दोघा भावंडांना व्हरांड्यात बोलावलं.

"उद्या त्यांना घरी घेऊन जा," त्या म्हणाल्या. "इथे ठेवून आम्ही आता वेगळं काही करणार नाही. आपल्या घरात त्यांना बरं वाटेल."

बाई किती नीट, सावकाश बोलतात, असं बंधूंच्या मनात आलं. त्या काय म्हणाल्या ते त्यानंतर उमगलं. ताईला मात्र लगेच कळलं असावं. तिनं फक्त विचारलं, "डोक्याकडून वर होणारा पलंग लागेल ना?"

"तो आणाच. उशा रचून भागणार नाही."

मग दोघांची कामं सुरू झाली. आधी औषधवाला. मग वाटेतच होतं म्हणून सुट्या भागांचं दुकान. तिथल्या म्हाताऱ्या मालकानं पाइप हातात देताना नेहमीचा विनोद केला, "बंधू, एवढ्यात तर माझी तिसरी गाडी झाली, तुमची अजून पहिलीच." बंधू एरवी तासभर रेंगाळले असते. आज पाइप डिकीत टाकून निघाले. भाड्यानं पलंग देणाऱ्याकडे पोचले, तर शटर खाली. शेजारचा शिंपी म्हणाला, जेवायला गेलेत, दुपार कलल्यावर येतील.

बंधूंनी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. "चल, तोवर तुला घरी सोडतो. जरा पड."

"घरी नको," ताई म्हणाली. "घाटात जाऊ. पाण्याच्या थांब्यावर."

"आत्ता? तिथे आता काय राहिलंय?"

"काय राहिलंय तेच बघू. उद्यापासून मला उंबरा ओलांडता यायचा नाही."

बंधूंनी गाडी वळवली.

बोगदा झाला नव्हता तेव्हा डोंगरापलीकडे जाणारी प्रत्येक गाडी या थांब्यावर थांबायची. चढणीनं इंजिनं तापायची आणि झऱ्याचं पाणी दगडी हौदात साठवलेलं असायचं. माणसं कॅन्टीनमध्ये चहा प्यायची, गाड्या हौदाचं पाणी. भावंडांचे वडील याच रस्त्यावर बस चालवायचे. सुट्टीच्या दिवशी ते दोघांना बरोबर घेत, थांब्यावर उतरवून देत आणि परतीच्या खेपेला उचलत. दिवसभर दोघं हौदाच्या कठड्यावर बसायची. बंधू डोळे मिटून घ्यायचे आणि वळणापलीकडून येणारी गाडी कुठली ते नुसत्या आवाजावरून सांगायचे. ताई डोळे उघडे ठेवून खरं-खोटं करायची. गाड्यांचं वेड बंधूंना लागलं ते तिथेच.

बोगदा झाला आणि रस्ता ओस पडला. आता जागोजागी डांबर उखडलं होतं, कडेची झुडपं दोन्ही बाजूंनी काचांना घासत होती. शेवटच्या वळणाआधी तापमानाचा काटा तांबड्यात गेला. बंधूंनी दात आवळून गाडी कशीबशी थांब्याच्या मोकळ्या जागेत आणली, आणि तिथे बॉनेटखालून फस्सकन वाफ निघाली.

"दुष्काळात तेरावा महिना," ते पुटपुटले.

कॅन्टीनचं छप्पर गेलं होतं. भिंती उभ्या होत्या, पण खिडक्यांच्या चौकटीसुद्धा कुणी उपटून नेल्या होत्या. हौद कोरडा, त्यात पालापाचोळा आणि फुटक्या बाटल्या. बंधू सगळीकडे नजर फिरवून आले. काहीतरी वाटायला हवं होतं, पण कंबर दुखत होती, याव्यतिरिक्त काही वाटलं नाही.

"नवा पाइप आहे म्हणून बरं," ते म्हणाले. "पण पाणी कुठून आणू?"

ताई कॅन्टीनच्या मागे गेली आणि तिथूनच तिनं हाक मारली. झरा मेला नव्हता. हौदाकडे येणारी नळी तुटली होती आणि खडकातून बोटभर धार गवतात जिरत होती. बंधूंनी डिकीतला रिकामा डबा धारेखाली लावला. भरायला वेळ लागणार होता, इंजिन निवायलाही लागणार होता. दोघं दगडावर बसली.

"मी इथे एकदा एकटी आले होते," ताई म्हणाली. "बॅग घेऊन."

"कशाला?"

"ह्यांना सोडून."

बंधूंनी तिच्याकडे पाहिलं. ती धारेकडे पाहत होती.

"मारायचे का तुला?"

"नाही रे. मारलं असतं तर निदान लोकांना सांगता तरी आलं असतं. बोलायचेच नाहीत. महिना महिना. भाजीत मीठ नसलं तरी तशीच खाऊन उठायचे. आपण या घरात आहोत की नाही, हेच मला कळेनासं झालं होतं. एक दिवस बसमध्ये बसले आणि इथे उतरले. पुढे कुठे जायचं ते ठरवलंच नव्हतं."

"मला कळवायचं नाही का?"

"कळवलं ना. कॅन्टीनवाल्याच्या फोनवरून तुझ्याकडे फोन केला. तुझ्या बायकोनं घेतला. म्हणाली, ते गाडीखाली आहेत, बोलावू का? मी म्हटलं, राहू दे. मी फोन केलेला सांगूही नकोस."

डबा भरून वाहू लागला होता. दोघांपैकी कुणाचंच लक्ष नव्हतं.

"मी आलो असतो गं," बंधू म्हणाले.

"माहीत आहे मला. तसेच काळे हात घेऊन आला असतास." तिनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मग बसून राहिले. वर जाणाऱ्या बस गेल्या, खाली जाणाऱ्या गेल्या. शेवटची खाली जाणारी पकडली. हे दारात उभे होते. म्हणाले, 'उशीर झाला.' महिन्याभरातले तेवढेच दोन शब्द."

"मग पुढे?"

"पुढे काय. ते थोडे बदलले, मी थोडी बदलले. संसार झाला." तिनं पदरानं चेहरा पुसला. "आता दवाखान्यात तासन् तास बोलतात. लहानपणचं, नोकरीतलं, काय काय. मी ऐकते. पण कधी वाटतं, एवढं सगळं होतं पोटात, तर तेव्हा..." ती थांबली. "जाऊ दे. डबा भरला बघ."

बंधू उठले. पाइप बदलताना तो दिवस आठवायचा त्यांनी प्रयत्न केला, पण गाडीखालचे सगळे दिवस सारखेच होते. वर तेलकट पत्रा, पाठीखाली गोणपाट, आणि बाहेर कुठेतरी फोन वाजतोय. किती वेळा वाजला असेल, आणि कोणाकोणाचा. क्लिप आवळताना पाना घसरून बोटाचं सालटं निघालं. त्यांनी रुमाल गुंडाळला आणि पाणी भरलं. हे करेपर्यंत ताई मागच्या सीटवर पाय पोटाशी घेऊन झोपली होती. त्यांनी तिला उठवलं नाही. उतारावर इंजिनाचा आवाज वाढू नये म्हणून जपून, हळूहळू गाडी खाली आणली.

पलंगवाला आला होता. "किती दिवसांसाठी हवाय?" त्यानं विचारलं. बंधूंनी ताईकडे पाहिलं.

"लागेल तोवर," ताई म्हणाली. त्यानं पुन्हा विचारलं नाही.

पलंग टेम्पोतून ताईच्या घरी आला. टेम्पोवाल्यानं आणि बंधूंनी पुढच्या खोलीतलं टेबल स्वयंपाकघरात सरकवलं, कपाट भिंतीला लावलं आणि लोखंडी सांगाडा खिडकीपाशी उभा केला. पायथ्याशी दांडा होता. तो फिरवला की डोक्याकडची बाजू वर यायची, पण अशी किंचाळायची की शेजारच्या बाई दारात डोकावल्या.

"ह्यांना झोप कशी लागायची या आवाजात," ताई म्हणाली.

बंधू खाली गेले आणि डिकीतून ग्रीसचा डबा घेऊन आले. जमिनीवर आडवं होऊन ते पलंगाखाली शिरले. गंजलेला स्क्रू चिंधीनं पुसला, आट्याआट्यात बोटानं ग्रीस भरलं, एक वाकलेली पट्टी ठोकून सरळ केली. काम छोटंसंच होतं, पण त्यांनी ते घाई न करता केलं. मधेच ताईनं विचारलं, "चहा टाकू का?" ते लगेच बाहेर आले, तिच्याकडे बघून "टाक" म्हणाले, आणि मगच पुन्हा आत गेले.

चहा झाल्यावर ताई पलंगावर आडवी झाली, कसं वाटतं ते बघायला. बंधूंनी दांडा फिरवला. पाठ हळूहळू, आवाज न करता वर आली.

"आणखी?"

"थोडं आणखी. खिडकीतून बाहेरचं दिसायला हवं त्यांना."

त्यांनी आणखी चार फेरे दिले. "आता?"

ताईनं खिडकीकडे पाहिलं. समोरच्या घराची गच्ची दिसत होती, दोरीवरचे कपडे आणि थोडंसं आभाळ.

"दिसतंय," ती म्हणाली. "राहू दे एवढंच."