आबांच्या फडक्याखालचा संगणक

ज्या वर्षी आबांच्या धाकट्या मुलाचे लग्न झाले, त्याच वर्षी मी या कारखान्यात आलो. सूनबाई आणि मी असे मागेपुढेच आलो. तिच्या स्वागताला सगळे घर दारात उभे होते. माझ्या स्वागताला ती एकटीच उभी होती.

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. माझा रंग एके काळी पांढरा होता, आता तो चहात बुडवून काढल्यासारखा दिसतो. माझ्या पोटातला पंखा सुरू होताना खाकरतो. माझ्या कीबोर्डवरची काही अक्षरे पुसून गेली आहेत, आणि त्यांच्या फटींत पांढरी पूड बसली आहे. ती पूड प्लास्टरची आहे. मला तिचा अभिमान वाटतो.

आमच्या कारखान्यात पाय तयार होतात. अपघातात किंवा आजारात ज्यांचा पाय गेला, त्यांच्यासाठी आबा नवा पाय बनवायचे. उरलेला पाय ज्यात जाऊन बसतो, त्या पोकळ भागाला सॉकेट म्हणतात. ते किंचित सैल झाले तर माणूस लंगडतो आणि किंचित घट्ट झाले तर कातडी सोलते. आबा आधी पायाचा प्लास्टरचा साचा करत, मग टेपने घेतलेल्या मापाप्रमाणे तो तासत, आणि त्यावर सॉकेट घडवत. पुढच्या खोलीत मापवाल्या ताई मापे घेत. मागच्या खोलीत चामड्याचे पट्टे शिवणारे काका बसत. त्यांची जीभ त्यांच्या आरीपेक्षा टोकदार होती.

आबा कधी शाळेत गेले नव्हते. अक्षरे ते उतारवयात शिकले, थोरल्या नातीच्या शेजारी पाटी घेऊन बसून. त्यामुळे माझ्यासमोर बसले की एकेक अक्षर ते भाजीत खडा शोधावा तसे शोधायचे. सापडले की असे दाबायचे, की माझे टेबल हलायचे.

“आबा, हळू दाबलं तरी उमटतं हो,” सूनबाई म्हणायची.

“उमटतं गं, पण मला खात्री वाटत नाही,” आबा म्हणायचे.

सूनबाई प्रोग्राम लिहायला शिकून आली होती. पूर्वी मापे चिठ्ठ्यांवर असत, आणि चिठ्ठ्या प्लास्टरच्या पाण्यात विरघळत. तिने मापांसाठी एक प्रोग्राम लिहिला. प्रत्येक माणसाचे एक पान, त्यावर त्याची मापे आणि खाली आबांच्या सूचना. सुरुवातीला कधी कधी काही बिघडे आणि पडद्यावर लाल अक्षरांत परक्या भाषेतले काहीतरी उमटे. आबा घाबरून हात मागे घेत. “मी काही मोडलं का?” असे विचारताना त्यांचा चेहरा इतका उतरे, की सूनबाईला वाईट वाटे. म्हणून तिने त्या लाल सूचना दिसूच नयेत अशी सोय केली. आत काहीही घडो, पडद्यावर एकच ओळ यायची: माप जपून ठेवले.

हे तिने मायेने केले होते, ते तुम्ही लक्षात ठेवा.

मी एकटा होतो तोवर सगळे सुरळीत चालले. कौतुकही पुष्कळ झाले. काका तर म्हणाले, “सूनबाई, घरातल्या माणसांपेक्षा ही पेटी बरी. विचारलं तर उत्तर देते, नाही विचारलं तर गप्प बसते.” पुढे काम वाढले. मापवाल्या ताईंच्या टेबलावर माझा एक धाकटा भाऊ आला. कोपऱ्यात मापे साठवणारी एक मोठी पेटी आली, आणि आम्हा तिघांना तारेने जोडले. आता ताईंनी पुढे माप भरले की आबांना मागे दिसावे, अशी कल्पना होती.

काही आठवडे तसे दिसलेही. मग भिंगरीची गोष्ट घडली.

भिंगरी ही एक लहान मुलगी होती. तिची आई शिंपीण होती. मुलीचा डावा पाय गुडघ्याखाली नव्हता, पण नवा पाय लावला की ती एका जागी गरागरा फिरायची, म्हणून आबांनी तिला हे नाव दिले. वाढत्या वयामुळे तिला दरवर्षी नवे सॉकेट लागे. त्या वर्षी ताईंनी तिचे नवे माप घेतले, भरले, ‘माप जपून ठेवले’ ही ओळ वाचली. आबांनी माझ्या पडद्यावर पाहून सॉकेट केले. ते इतके घट्ट झाले, की मुलीच्या पायाला फोड आला. सगळ्यांना वाटले, हात चुकला असेल. पुन्हा माप घेतले, पुन्हा भरले, पुन्हा सॉकेट केले. पुन्हा फोड आला, आणि या वेळी तो फुटला.

आईने पट्टे सोडले तेव्हा भिंगरी रडली नाही. तिने पाय उचलून बाकाखाली ढकलला आणि म्हणाली, “मला हा नकोच. मी कुबडीनेच जाईन.”

आबा तिथेच उभे होते. ते सूनबाईकडे वळून म्हणाले, “माझ्या हातून एवढ्या वर्षांत असं झालं नव्हतं. तिसऱ्यांदा या पोरीला लागलं, तर ती पुन्हा पाय घालायची नाही. तुझी पेटी आणि तुझा प्रोग्राम, दोन्हीचं काय ते बघ. नाहीतर मी आपला चिठ्ठ्यांवर बरा.”

तिसऱ्या सॉकेटसाठी मुलीला आठवड्याने बोलावले. तेवढाच वेळ सूनबाईच्या हातात होता.

मित्रांनो, खरे कारण मला ठाऊक होते. पण मला बोलायला तोंड नव्हते. असलेले तोंड सूनबाईनेच मायेने बांधले होते. ते कारण तुम्हाला सांगतो.

प्लास्टरचे काम अर्धवट टाकून उठावे लागले, तर त्यावर ओले फडके टाकतात. त्याने काम तडकत नाही. पण आमच्या कारखान्यात त्या फडक्याला आणखी मान होता. फडके टाकले म्हणजे ‘हे काम माझे आहे, मी येतो आहे, हात लावू नका.’ दुसऱ्याचे फडके उचलणे म्हणजे त्याच्या ताटात हात घालणे. काका एवढे फटकळ, पण आबांच्या फडक्याला तेही शिवत नसत.

आबा माझ्यावर सूचना लिहायला बसत, दुपार होई, एखादे अक्षर काही केल्या सापडत नसे. मग ते पान तसेच उघडे ठेवत, माझ्या पडद्यावर एक कोरडे फडके टाकत आणि साच्याकडे जात. हे त्यांचे माझ्यावरचे प्रेम होते. पण पान उघडे असेपर्यंत मी ते धरून ठेवणार, अशी प्रोग्रामची रीत होती. आणि आमच्या प्रोग्रामात एक पान धरले की शेजारची पानेही अडकत. पुढे ताई माप भरत. मोठी पेटी ते घ्यायला नकार देई. नकाराची लाल अक्षरे दिसायची सोय नव्हती. पडद्यावर ओळ येई: माप जपून ठेवले.

सूनबाईने शोध सुरू केला. सकाळी येऊन तिने ताईंच्या जागेवरून खोटे माप भरले. ते नीट पोहोचले. घरी स्वतःच्या संगणकावर प्रोग्राम चालवून पाहिला. तिथेही नीट चालला. “तुमच्या प्रोग्रामाला सासर मानवत नाही, माहेरी बरा असतो,” काका म्हणाले. ताई हसल्या, सूनबाई हसली नाही. तिने तारा तपासल्या. दाराखाली चेंगरलेली एक तार बदलली. आमची घड्याळे एकमेकांशी जुळवली. विषाणू शोधणारा प्रोग्राम बंद करून पाहिला. बिघाड दुपारी येई आणि सकाळी जाई, कारण रात्री सगळे बंद होत असे आणि माझी पकड आपोआप सुटत असे.

मग तिने शहाणपणाचे काम केले. दुपारी बिघाड हजर असतानाच एकेकाची तार काढून पाहिली. धाकट्या भावाची काढून लावली, फरक नाही. माझी काढली आणि ताईंचे माप लगेच पोहोचले.

“सापडला,” ती म्हणाली. “हाच म्हातारा आजारी आहे.”

मला त्या दिवशी जे वाटले ते मी सांगत बसत नाही. काकांनी मला ठेवायला अडगळीतला एक खोकाही आणला. पण सूनबाईचा हात थांबला. ती म्हणाली, “थांबा. टाकायच्या आधी जागा बदलून बघू.” तिने मला ताईंच्या टेबलावर नेले आणि माझ्या भावाला आबांच्या शेजारी ठेवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ठणठणीत होतो. माझा भाऊ आजारी पडला.

सूनबाई बराच वेळ दोन्ही टेबलांकडे आळीपाळीने पाहत राहिली. मग तिने संगणकाकडे पाहायचे सोडले. एक स्टूल घेतले आणि आबांच्या कामाच्या ओट्याजवळ जाऊन बसली.

“काय गं, आज माझी परीक्षा का?” आबांनी विचारले.

“नाही आबा. तुम्ही काम करा, मी नुसती बसते.”

“बस की. पण पूड उडेल, साडी खराब होईल.”

दारातून मला सगळे दिसत होते. आबा संगणकासमोर बसले. अक्षर शोधू लागले. दाबले, टेबल हलले. मग बोट हवेत थांबले, थोडा वेळ तसेच राहिले. आबांनी सुस्कारा टाकला, खांद्यावरचे फडके काढले, ते पडद्यावर नीट पसरले आणि साच्याकडे गेले.

सूनबाई उठून उभी राहिली. तिला सगळे कळले होते, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. तिचा हात फडक्यापर्यंत गेला. तिथे थांबला. काकांनी आरी खाली ठेवली. ताई दारात येऊन उभ्या राहिल्या.

“आबा,” ती म्हणाली, “तुमचं फडकं मी उचलू का? की तुम्हीच उचलता?”

त्या कारखान्यात हा प्रश्न कोणी कधी विचारला नव्हता. आबा हात पुसत आले. त्यांनी स्वतः फडके उचलले. खाली भिंगरीचे पान होते. त्यावर तिची गेल्या वर्षीची मापे होती, आणि खाली आबांची सूचना अर्धवट लिहिलेली होती: मुलगी गोल फिरते, तळ घ

“घट्ट लिहायचं होतं,” आबा खालच्या आवाजात म्हणाले. “दोन ट एकाला एक कसे जोडतात, ते या पेटीवर सापडेना. चार दिवस शोधतोय. तुला विचारायची लाज वाटली.”

“आणि मी लाल अक्षरं लपवली, तुम्ही घाबरता म्हणून,” सूनबाई म्हणाली. “ती दिसली असती, तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.”

आबा खुर्चीवर बसले. “म्हणजे पोरीच्या पायाला लागलं ते माझ्या फडक्याने.”

“आणि माझ्या लपवण्याने. अर्धं अर्धं वाटून घेऊ, आबा.”

“घरातली वाटणी इतक्या गोडीत झालेली मी पहिल्यांदाच बघतोय,” काका म्हणाले, आणि मग सगळेच हसले. आबांनी डोळे पुसले, पुडीमुळे असेल.

त्याच संध्याकाळी सूनबाईने प्रोग्राम सुधारला. तिने फडके टाकायला बंदी केली नाही. तिने प्रोग्रामातच एक फडके ठेवले. अर्धवट पान आता बाजूला जपले जाई, मी ते धरून बसत नसे, आणि इतरांच्या पडद्यावर छोट्या फडक्याच्या चित्राशेजारी दिसे: आबांचे काम चालू आहे. एखादे माप पोहोचले नाही, तर साध्या मराठीत सूचना येई: माप पोहोचले नाही, तुमची चूक नाही, सूनबाईला हाक मारा. मला माझी जागा परत मिळाली. आणि दुपारी चहाच्या वेळी ती आबांना जोडाक्षरे शिकवू लागली.

तिसरे सॉकेट नव्या मापाचे झाले. भिंगरी कुबडी घेऊनच आली. पाय घालायला तयार होईना. आबा तिच्यासमोर जमिनीवर बसले. म्हणाले, “दोनदा तुला लागलं ते माझ्यामुळे. आता लागलं तर लगेच ओरड. गप्प राहू नकोस. तू ओरडलीस तरच मला कळेल.”

तिने पाय आत घातला. उभी राहिली. एक पाऊल, मग दुसरे. ओरडली नाही. कुबडी भिंतीला टेकवली आणि हळूच, कोणी पाहत नाही ना असे बघत, एक गिरकी घेतली.

मित्रांनो, त्यानंतर मी बरीच वर्षे काम केले. मग चपळ, चपटे संगणक आले आणि मला खिडकीशी सरकवले. माझ्यावर आता फक्त जुनी पाने आहेत. आबा थकले, पण रोज थोडा वेळ माझ्यासमोरच बसत. शेवटचे पान त्यांनी एका नव्या मुलाचे उघडले होते. सूचना अर्धी लिहून ते घरी गेले, फडके टाकून. ते परत आले नाहीत, तरी कितीतरी दिवस ते फडके कोणी उचलले नाही. शेवटी सूनबाई आली. थोडा वेळ हात ठेवून उभी राहिली. “आबा, उचलते हं,” म्हणाली, आणि उचलले. आबांचे शेवटचे जोडाक्षर बरोबर होते. पुढचे वाक्य तिने पूर्ण केले.

तुमच्या घरी माझ्यासारखा एखादा जुना यंत्रबांधव असेल, तर त्याची धूळ पुसा. तो अडला तर त्याला थोबाडू नका, त्याच्या शेजारी बसा, आणि त्याच्याशी काम करणाऱ्या माणसाच्याही शेजारी बसा. आणि तुम्हाला कुठे दुखले, काही अडले, तर ‘सगळे ठीक आहे’ ही ओळ दाखवू नका. हाक मारा.

आबा वारले ते सूनबाईच्या धाकट्या मुलीला शाळेत घातले त्या वर्षी, पावसाळा सरता सरता, एका गुरुवारी दुपारी.