फुलीवर बसलेला फ्लास्क

मी फ्लास्क बोलतोय. चहाचा नव्हे हो! सोलापुरातल्या एका शाळेच्या प्रयोगशाळेतला, काचेचा, खाली रुंद आणि वर निमुळता.

भट्टीतून बाहेर पडलो तेव्हा वाटलं होतं, आता जन्मभर माझ्यात कायतरी उकळणार, फसफसणार. कसलं काय! आलो तो थेट कपाटात, आणि कपाटाला कुलूप. तपासणीला साहेब आले की मला बाहेर काढायचं, निळं पाणी भरायचं, टेबलावर मांडायचं. साहेब म्हणायचे, "वा, छान प्रयोगशाळा!" अरे, छान काय? त्या पाण्यात होतंय काय? मी काय फुलदाणी आहे का?

आणि प्रयोग? ते फळ्यावर! मुख्याध्यापक बिभीषण सर मागच्या वर्षीची निरीक्षणं लिहून द्यायचे, पोरं जर्नलमध्ये उतरवायची. विचारलं की एकच पालुपद, "काच फुटली तर?"

मग जुळे सोलापूरहून स्कूटीवर विज्ञानाच्या नव्या शाइस्ता मॅडम आल्या. आल्या त्या भांडतच.

"सर, अभिक्रियेचा वेग फळ्यावर कसा दिसणार? मुलांना करू द्या ना."

"एकदाच," सर म्हणाले. "पुस्तकातल्यासारखं आलं तर ठीक. नाही आलं तर कपाट बंद. परत विषय काढायचा नाही."

प्रयोग सोपा. कागदावर पेन्सिलनं फुली मारायची, तिच्यावर मला बसवायचं. माझ्यात हायपो नावाच्या क्षाराचं द्रावण, वरून ॲसिड. आतलं पाणी दुधाळ होत जातं आणि वरून बघताना फुली दिसेनाशी होते. द्रावण गरम असेल तर पटकन, थंड असेल तर उशिरा. कुंभारीहून येणाऱ्या सुकन्यानं नळाचं पाणी घेऊन माझ्यात थंड द्रावण केलं. शेजारच्या फुलीवर माझा भाऊ, दुसरा फ्लास्क; त्याच्यात हमजानं दिव्यावर तापवलेलं ओतलं.

ॲसिड पडलं. दोन्ही फुल्या जवळजवळ बरोबरच गायब!

"हे काय बे?" हमजा ओरडला. "तुझी उशिरा जायची होती की!"

"मी काय करू? मी बरोबर केलंय की!" सुकन्या रडकुंडीला आली.

सर दारातच उभे. "झालं समाधान? पुस्तकातलं उतरवा, काचा कपाटात ठेवा."

असला संताप आला मला! अरे, मला हात तर लावा कुणीतरी! एप्रिल महिना, सोलापूरचं ऊन, गच्चीवरची काळी टाकी, आणि तिचं पाणी तुम्ही 'थंड' म्हणून माझ्यात ओतताय? पुस्तक लिहिणाऱ्याचा नळ असेल थंड, आपला आहे का?

कपाटात ठेवायला सुकन्यानं मला दोन्ही हातांनी उचललं. थबकली.

"मॅडम, हे थंड न्हाईच की. अंघोळीचं पाणी हाय हे!"

मॅडमनी कपाळावर हात मारला. "आपण दोन्ही गरमच घेतली गं!" आणि पळाल्या ऑफिसात, सरांच्या माठाकडे.

घाईत धुताना माझी कड नळावर आपटली. टवका उडाला. सरांनी बघितलं. संपलं, म्हटलं. आता जन्मठेप.

पण माठाचं पाणी तोवर आलं होतं. परत द्रावण, परत फुली, परत ॲसिड. हमजाची फुली गेली. माझी जाईना!

"दिसतीय अजून!"

"सरक की, मला बघू दे!"

घंटा झाली, कुणी हललं नाही. सर घड्याळ बघत होते, मग चष्मा सावरत तेही वाकले. "आहे अजून," ते पुटपुटले. "आहे बरं का." फुली विरत विरत गेली, आणि सगळ्यांत मोठ्यानं तेच ओरडले, "गेली!"

मग एकदम गंभीर झाले. टवक्यावरनं बोट फिरवलं. खिशातून कपाटाची किल्ली काढून मॅडमच्या हातात दिली.

"आणि माझा माठ भरून ठेवत जा," म्हणाले.

आता माझी कड टवकलेली, बुडाला पांढरट डाग, घासून जात नाही. जाऊही नये. पोरांनो, फुटलो तर फुटलो, पण मला नुसता मांडून ठेवू नका. परत कुणी निळं पाणी घेऊन आलं ना, तर टेबलावरून उडीच मारणार मी!