गुणांचे हिस्से

ब्रह्मपुरीला संगणकाचा कोर्स करताना हेमराज सरांना एक्सेलचा जो नाद लागला, तो काही केल्या सुटेना. बायकोने बाजारातून चार जिनसा आणायला सांगितल्या तरी त्यांना त्या रकान्यांत मांडलेल्या दिसायच्या. पुढे बदली झाली ती चामोर्शीपासून आत, तलावाच्या मातीच्या पाळीला लागून असलेल्या एका गावात. बायको ब्रह्मपुरीलाच राहिली आणि सर इथे खोली घेऊन एकटे राहू लागले. अशात शाळेला सरकारकडून एक संगणक आला. खोकं उघडताना सरांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते काही थर्माकोलच्या भुशाने नव्हे.

गावात त्यांचं मन रमायला आणखी एक कारण होतं, मासे. तलाव मारला, म्हणजे गावातल्या सगळ्यांनी मिळून जाळी टाकली, की संध्याकाळी सरांच्या उंबऱ्यावर पळसाच्या पानांचा द्रोण येऊन पडे. मासोळ्या बारीकच असत, पण असत. शेजारच्या म्हाताऱ्या गुणाबाईच्या दारातही तसाच द्रोण असे, तिकडे मात्र सरांनी कधी लक्ष दिलं नाही. “गाव गुरुजींना मानतं,” असं ते सुट्टीत घरी गेले की छाती फुगवून सांगत.

संगणक आला खरा, पण पोरांची हजेरी वाढेना. त्यात केंद्रप्रमुख देवाजी साहेब एक दिवस फटफटीवरून आले आणि चहा पिता पिता सांगून गेले, “सर, तालुक्याच्या मोठ्या शाळेचा तुमच्या या मशीनवर डोळा हाय. मी मार्चमदी पाहाले येतो. पोरं वापरताना दिसली तं ठीक, नाई तं उचलून नेईन.”

सरांची झोप उडाली. संगणक गेला तर ते त्या गावात काय करणार होते, हे त्यांनाच ठाऊक नव्हतं. मग त्यांनी एक नामी युक्ती काढली. सातवीच्या पोरांचे गट पाडले आणि गटांना माशांची नावं दिली: मरळ, रोहू, कतला, झिंगा. रोज वेळेवर आल्याचे गुण, गणित सोडवल्याचे गुण, पाढे म्हटल्याचे गुण. सगळे संगणकावर, रंगीत रकान्यांत. शेवटी जो पहिला येईल त्याला कंपासपेटी. झिंगा व्हायला कोणी तयार होईना, तेव्हा चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या. ज्यांच्या वाट्याला झिंगा आला त्या पोरांनी दोन दिवस तोंड फुगवलं, पण तिसऱ्या दिवशी तीही घंटेच्या आधी हजर झाली.

झिंग्यात दामिनी होती. संक्रांतीनंतर ती आईबापाबरोबर आंध्रात मिरची तोडायला गेली. तिच्या नावापुढे रोज शून्य पडू लागलं आणि झिंगा गटाची सरासरी घसरू लागली. सरांना घसरलेली सरासरी बघवत नसे. त्यांनी सरळ दामिनीची ओळ काढून टाकली.

दुसऱ्याच दिवशी पुनमने विचारलं, “सर, दामिनीचं नाव कुठी गेलं जी?”

“ती आली की परत टाकू.”

“आल्यावर काऊन? आता ती गावची नाई का?”

सर हसले आणि फळ्याकडे वळले. पुनम वर्गाची पुढारी. गुण भरायचं काम तिच्याकडेच होतं, कारण दुपारी सरांना खिचडीच्या पातेल्याशी उभं राहावं लागे. तिने एवढ्या दिवसांत बेरीज, भागाकार, सगळी सूत्रं पाठ करून टाकली होती. सरांना वाटे, ही आपल्या शिकवण्याची करामत.

ठरल्या दिवशी देवाजी साहेब आले. नशिबाने वीजही होती. खिडक्यांना निम्मं गाव लटकलेलं. सरांनी कंपासपेटी टेबलावर ठेवली, घसा खाकरला आणि म्हणाले, “साहेब, आता आपण स्पर्धेचा निकाल पाहू.”

पडदा उजळला. मरळ, रोहू, कतला, झिंगा, सगळ्या पोरांपुढे एकच आकडा. दामिनीची ओळ जागेवर परतलेली, तिच्यापुढेही तोच आकडा. आणि सगळ्यांत खाली, एका कोपऱ्यात, ‘हेमराज सर’. त्यांच्यापुढे मात्र चिमूटभर गुण.

“वा!” साहेब म्हणाले. “सगळेच पहिले. अन् मास्तर शेवटचा.”

सरांना घाम फुटला. त्यांनी संगणक बंद करून पुन्हा चालू केला. त्या काळी संगणक चालू व्हायला एवढा वेळ लागे, की साहेबांचा चहा पिऊन झाला. पुन्हा तेच आकडे. आता हे खोकं फटफटीला बांधून जाणार, हे सरांना लख्ख दिसू लागलं.

“मशीन बिघडलंय साहेब,” ते कसंबसं म्हणाले.

“बिघडलं नाई जी,” पुनम उभी राहिली. “काल शेवटचे गुण भरले अन् आमी वाटून टाकले.”

“वाटून टाकले म्हणजे काय वं?” साहेबांनी विचारलं.

“तलाव मारला का कसे हिस्से पाडते जी? मासा कोणाच्या बी जाळ्यात येवो, ढीग सारखेच. एक जण ढिगावर बोट ठेवते, लटारूआबा पाठ फिरवून नाव घेते, ज्याचं नाव निघन त्याचा तो ढीग. घरी कोणी तापानं पडला असन, कोणी बाहेरगावी असन, त्याच्या बी नावानं ढीग पडतेच. मंग दामिनीच्या नावानं काऊन नाई?”

खिडकीतला लटारूआबा मान हलवत होता. यात सांगण्यासारखं काय आहे, असा त्याचा चेहरा.

“मंग स्पर्धा कायले केली?” साहेब म्हणाले.

“ढीग मोठा व्हावा म्हणून!” मागून मिथुन ओरडला. “म्हणून तं आमी रोज येऊन राह्यलो!”

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. “माझ्या नावानं बी हिस्सा लाव बरं, पोरी.”

पुनमची बोटं चालली. एक ओळ वाढली आणि सगळ्यांचे आकडे एकदम थोडेथोडे उतरले. साहेब बघतच राहिले. सरही बघत राहिले. हे असं करता येतं, हे त्यांनी तिला शिकवल्याचं त्यांना काही आठवेना.

“अन् सरायले एवढंसंच काऊन?”

पुनम पहिल्यांदाच अडखळली. “ज्यात पुरा ढीग होत नाई, ते उरलेलं असते ना जी, ते ज्याले जाळं टाकता येत नाई त्याले देते. गुणाबाईले देते. अन् सरायले.”

साहेब इतके हसले, की त्यांना चष्मा काढावा लागला. सरांना मात्र उंबऱ्यावरचे सगळे द्रोण एकामागून एक आठवले आणि त्यांचे कान तापले. फार लाज वाटली. पण त्या लाजेच्या तळाशी थोडं बरंही वाटत होतं, कारण इतके दिवस हे गाव त्यांना धरून मोजत होतं.

“मशीन इथंच राहू द्या,” जाताना साहेब म्हणाले. “मोठ्या शाळेत त्याच्यावर रुमाल टाकून ठेवतीन. अन् सर, तुमी जाळं टाकाले शिका.”

कंपासपेटी पोरांनी वर्गातच ठेवली, ज्याला लागेल त्याने घ्यावी म्हणून.

दामिनी आली तेव्हा एप्रिल लागला होता. मिरचीने तिची बोटं सोलून निघाली होती. ती वर्गात न येता दाराशीच उभी राहिली.

“सर, माझं नाव काटलं असन ना जी?”

सरांनी तिला संगणकापुढे बसवलं. तिने आपलं नाव शोधलं, आकडा वाचला, पुन्हा वाचला.

“मी तं काईच केलं नाई. हे कोणं लावलं?”

‘मी’ हा शब्द सरांच्या ओठांवर आला होता. त्यांनी तो गिळला. “पुनमनं लावलं,” ते म्हणाले. “म्या तं काटलं होतं.”

सरांच्या तोंडून गावची बोली ऐकून वर्गात खसखस पिकली. दामिनीने पडद्यावर आणखी खाली पाहिलं.

“अन् तुमचं एवढंसं काऊन जी?”

“मले जाळं टाकता येत नाई ना.”

दामिनीने सरांकडे नीट निरखून पाहिलं. “आयतवारी पाळीवर या मंग,” ती म्हणाली. “माझा बाप शिकवन.”