बापाचं रक्त

दीपमालाने बांधावर चपला काढल्या आणि झेंडूच्या ओळींमधून वाट काढत ती निवृत्तीबाबांपर्यंत पोचली. बाबा उकिडवे बसून फुलं तोडत होते. तिला पाहताच ते गुडघ्यावर हात टेकून उठले.

"ताई, आज कशी काय वाट वाकडी केली? रक्त तर मागल्या महिन्यातच नेलं ना तुम्ही."

"आज रक्त नकोय, बाबा. एक आनंदाची बातमी सांगायला आले."

बातमी सकाळी आली होती. रक्ताच्या कॅन्सरपासून सुरुवात करून, म्हातारपणी माणसाची प्रतिकारशक्ती का थकते इथवर तिचं संशोधन येऊन पोचलं होतं. त्यात उभी हयात गेली, लग्न राहून गेलं. आता त्याच कामावरचा तिचा लेख परदेशातल्या एका मोठ्या नियतकालिकाने स्वीकारला होता. जुन्या सहकाऱ्यांचे मोबाइलवर अंगठे आले आणि नाशिकच्या इंदिरानगरातला तिचा फ्लॅट पुन्हा गप्प झाला. शेजारच्या बाईंना तिने सांगून पाहिलं. "म्हणजे औषध निघालं का?" असं विचारून त्या कुकरची शिट्टी ऐकून आत गेल्या. मग तिने गाडी काढली आणि सायखेड्याचा रस्ता धरला.

बाबांची ओळख मुंबईतली. त्यांच्या रवीला रक्ताचा कॅन्सर झाला, तेव्हा तो ज्या हॉस्पिटलात होता तिथेच तिची प्रयोगशाळा होती. बापाच्या रक्तातल्या मूळपेशी काढून मुलाला दिल्या. वर्षभर रवी बरा होता. मग आजार उलटला आणि तो गेला. पुढे नाशिकला येऊन तिने धडधाकट म्हाताऱ्यांचं रक्त तपासायला घेतलं, तेव्हा पहिला होकार बाबांनीच दिला. का दिला, हे तिने कधी विचारलं नव्हतं. बायको सुलाबाई वारल्यापासून मळ्यातल्या घरात ते एकटेच असत.

दोघं बांधावर बसली.

"तुमच्या वयात माणसाचं रक्त थकतं, बाबा. आजाराशी लढणाऱ्या पेशी दमतात. पण तुमच्या नाही दमलेल्या. चाळिशीतल्या माणसासारखं रक्त आहे तुमचं. एवढ्या लोकांत असे दोघे-तिघेच सापडले."

बोलता बोलता ती हसत होती. बाबाही हसतील म्हणून थांबली.

बाबा बोटांवरचा फुलांचा पिवळा डाग धोतराला पुसत राहिले.

"तवाबी असंच व्हतं का?"

"कधी?"

"रवीला दिलं तवा."

ती त्यांच्याकडे वळून बसली.

"तिथला एक डॉक्टर म्हनला व्हता, बाप साठीचा हाय, तरणं रक्त मिळालं असतं तर बरं झालं असतं. सुला दाराशीच उभी व्हती. तिनं ऐकलं. मला कधी बोलली नाय ती. एका शब्दानं नाय. पन ताट वाढताना माझ्याकडं बघायची नाय. पार मरेस्तोवर."

त्या डॉक्टरचं बोलणं खोटं नव्हतं. देणाऱ्याचं वय जास्त असलं की धोका थोडा वाढतो, हे दीपमालाला ठाऊक होतं. पण तेवढ्याने रवी गेला की आणखी कशाने, हे कोणालाच कळणार नव्हतं. तिलाही नाही.

"मंग माझ्या रक्तानं नाय ना गेला तो?"

सांगता येत नाही, हे खरं उत्तर होतं. भरलेल्या सभागृहांत ते उत्तर तिने कितीदा तरी दिलं होतं, आणि आपण जास्तीचा एक शब्द बोललो नाही याचं तिला समाधान वाटत आलं होतं. तिने बाबांच्या हातांकडे पाहिलं. डाग निघून गेला तरी बोटं धोतराला पुसणं चालूच होतं.

"नाही," ती म्हणाली. "तुमच्या रक्तानं नाही गेला."

बाबांनी नुसती मान हलवली. वाफा भरून पाटाचं पाणी बांधावरून सांडायला लागलं, तरी ते बारं मोडून पाणी पुढच्या वाफ्यात वळवायला उठले नाहीत. बऱ्याच वेळाने त्यांनी मळ्यातल्या घराकडे तोंड वळवलं. दाराला बाहेरून कडी होती.

"जरा मोठ्यानं सांगा, ताई."

त्यांना ऐकायला चांगलं येत होतं. दीपमाला उभी राहिली, घराकडे वळली, आणि तिने पुन्हा एकदा, मोठ्याने सांगितलं.