पितळी पाटी

"बॅग खाली ठेवा, मॅडम. बॉनेटवर नको."

मी बॅग बॉनेटवर ठेवलीच नव्हती. नुसती त्या बाजूला वळले होते. पण कवळीकाकांना तेवढंही पुरलं. त्यांनी खिशातून पिवळं फडकं काढलं आणि माझी बॅग जिथे टेकली असती ती जागा पुसून घेतली.

मी गाड्यांचा विमा विकते. या धंद्यात इतकी वर्षं काढली आहेत की मला दारात बघून लोक आधी पंखा बंद करतात, म्हणजे बाई फार वेळ टेकणार नाही. त्या दिवशीचं हे माझं शेवटचं घर होतं. गुडघे सकाळपासून कुरकुरत होते, सँडलचा पट्टा निम्म्या वाटेत सुटला होता, आणि डोक्यात फक्त घरी जाऊन आडवं व्हायचं होतं. अशा वेळी गिऱ्हाईक हौशी निघालं की अंगावर काटा येतो. हौशी माणूस लवकर सोडत नाही.

कवळीकाका हे गल्लीने ठेवलेलं नाव. सगळा जन्म त्यांनी दातांच्या कवळ्या बनवण्यात घालवला. दवाखान्यातून जबड्याचे साचे यायचे आणि हे मागच्या खोलीत बसून दात बसवायचे, कोरायचे, घासायचे. यांच्या हातची कवळी जिभेला टोचत नाही अशी ख्याती होती. आता हात थरथरतो म्हणून काम बंद. ज्या डॉक्टरांकडे ते आधी नोकरीला होते, त्यांनी परदेशी जाताना आपली जुनी बंद पडलेली गाडी यांना देऊन टाकली होती. फिक्या निळ्या रंगाची, दोन दारांची, पुढे चंदेरी जाळी. काकांनी ती घरालगतच्या शेडमध्ये खिळा न् खिळा सुटा करून उभी केली. आणि खरं सांगते, मी गाड्या पुष्कळ बघितल्या, पण अशी नाही. टायरच्या खाचासुद्धा स्वच्छ होत्या.

"आत बघायचं असेल तर चपला काढा," काका म्हणाले.

"गाडीत बसायला चपला काढायच्या?"

"गालिचा आहे आत."

सँडल काढताना माझ्या गुडघ्याने आवाज केला. घराच्या दारात उभ्या काकूंना तो ऐकू गेला असावा. त्या म्हणाल्या, "मी पण काढते हो. वर्षातून एकदा बसायला मिळतं, तेही अनवाणी. सवत आहे माझी ती. तिचं सगळं आधी."

काकू ठेंगण्या, दमलेल्या, पदराला हात पुसत उभ्या. त्यांच्या मागे घरात खोकी भरलेली दिसत होती. दोघं आठवड्याभरात घर सोडून मुलीकडे राहायला जाणार होते.

"जावई चांगला आहे," काकू म्हणाल्या. "आम्हाला ठेवून घेतोय, गाडीलाही जागा देतोय. पण त्यांच्या इमारतीखाली मागे एक गाडी पेटली होती, तेव्हापासून तिथले लोक धास्तावलेत. जुन्या गाडीला पक्का विमा असेल तरच आत घेणार, नुसता साधा चालायचा नाही. जावयाने एकदाच सांगितलं, विमा होत असेल तर ट्रक पाठवतो, नाहीतर तिथेच विकून या."

"होईल की," काका म्हणाले. "का नाही होणार? मॅडम, तुम्हीच सांगा हिला."

मी गाडीतून बाहेर आले आणि नेहमीचं पुराण लावलं. जुन्या गाडीला तीन तऱ्हेचे विमे असतात. पहिला अगदी साधा, थर्ड पार्टी. तुमच्या गाडीने दुसऱ्याचं काही नुकसान झालं तर कंपनी भरणार, तुमच्या गाडीचं काही का होईना. दुसऱ्यात तुमची गाडीही धरतात, पण वयाप्रमाणे किंमत उतरवत नेतात. यांच्या गाडीची किंमत त्या हिशेबाने चार टायरांएवढीसुद्धा आली नसती. तिसरा खास जुन्या, जपलेल्या गाड्यांचा. त्यात कंपनी आणि मालक आधीच बसून किंमत ठरवतात आणि ती कागदावर येते. उद्या गाडी गेली तर तेवढी भरपाई, एक पैसा कमी नाही. मात्र अटी फार. गाडी बंद जागेत हवी, रोज वापरायची नाही, आणि सगळे भाग मूळचे हवेत.

"मूळचे आहेत," काका म्हणाले. "तिसराच हवा. तिची जी काय किंमत आहे ती कागदावर येऊ दे एकदा. हिला वाटतं मी डबा सांभाळला."

"डबाच म्हणते मी," काकू म्हणाल्या. "मुलगी लग्न होऊन गेली ती भाड्याच्या गाडीतून. का? तर त्या दिवशी रस्ता ओला होता."

काका फडक्याची घडी घालत राहिले. मला दोघांचीही दया आली आणि घड्याळाकडे बघायची इच्छाही झाली.

फोटो काढले. चारही कोपऱ्यांतून, वरून, आतून. राहिला नंबर. प्रत्येक गाडीच्या अंगावर कारखान्यातून एक नंबर ठोकून आलेला असतो. तीच तिची ओळख. तो नुसता लिहून चालत नाही. त्यावर कागदाची पट्टी धरून शिसपेन्सिल आडवी घासायची, म्हणजे आकडे जसेच्या तसे उमटतात. लहानपणी आपण नाण्याचे छाप काढायचो तसंच. तो छाप आणि गाडीच्या आर.सी. पुस्तकातला नंबर जुळला की माझं काम संपलं.

काकांनी बॉनेट उघडलं. आत एक पितळी पाटी होती, तळहाताएवढी. दिव्याच्या उजेडात ती अशी चमकली की मी डोळे बारीक केले.

"तोंड दिसेल बघा त्यात," काका म्हणाले.

तोंडच दिसलं. माझं, घामेजलेलं, डोळ्यांखाली काळं. बाकी काही दिसलं नाही. मी पट्टी धरली, पेन्सिल घासली. कागद एकसारखा करडा झाला. पुन्हा घासली, दुसऱ्या अंगाने. एक आकडा नाही, अक्षर नाही.

"काका, ही पाटी कशाने घासता?"

"आमचीच पेस्ट. कवळीला लावायची. शेवटचा हात फिरवायला तिच्यासारखी दुसरी नाही." आवाजात अभिमान होता. "दर रविवारी. एक रविवार चुकवला नाही. आजारी होतो तेव्हा ही धरून बसली होती मला, पण पाटी घासली."

"काका, यावर नंबर होता."

"होता की."

"आता नाहीये."

ते वाकले. चष्मा वर केला, खाली केला. अंगठ्याने पाटी चाचपली. कवळीवर बारीकशी धारही राहिली तर ज्या अंगठ्याला कळायची, त्या अंगठ्याला काही लागलं नाही. ते बराच वेळ चाचपत होते.

काकू पुढे आल्या. त्यांनी आपला हात माझ्यापुढे धरला. "या बांगड्यांवर वेल होती कोरलेली. काळ्या पडल्यात म्हणून एकदा यांच्याकडे दिल्या. बघा आता." बांगड्या गुळगुळीत होत्या. काकू हसत होत्या खऱ्या, पण नवऱ्याच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं आणि त्यांनी हात पदराखाली घेतला.

"थांबा," मी म्हटलं. "अजून एका ठिकाणी असतो. पुढच्या चाकामागे, सांगाड्यावर."

मी जमिनीवर बसले, मग आडवी झाले. घरी जाऊन आडवं व्हायचं होतं ते इथेच झालं. टॉर्च लावला. सांगाडा काचेसारखा सपाट, निळा.

"तिथे बारीक खड्डे होते," काका वरून हळूच म्हणाले. "मला वाटलं गंजाने खाल्लंय. कानशीने साफ केले आणि रंग मारला. खड्डा ठेवायचा नाही, ही सवय हाताची. कवळीत एक खड्डा राहिला तर घाण धरते."

मी तशीच पडून राहिले थोडा वेळ. उठायला जोरही नव्हता आणि तोंडही नव्हतं. या माणसाने इतकी माया केली की गाडीची ओळखच पुसली गेली. चोरीच्या गाड्यांचे नंबर घासलेले मी बघितले होते. चोर घाईत घासतो, ओरखडे राहतात. हे काम निवांत केलेलं होतं, वर्षानुवर्षं.

उठल्यावर जे सांगायचं ते सांगितलं. सरकारी कार्यालयात अर्ज करून नंबर नव्याने ठोकून मिळतो, पण त्याला महिने लागतात, आणि नव्याने ठोकलेल्या नंबराला आमची कंपनी मूळ म्हणत नाही. तिसरा विमा होणार नाही. दुसऱ्या विम्यालाही गाडी तपासावी लागते, त्यामुळे तोही नाही.

काका म्हणाले, "मी कोरून देतो ना. पुस्तकात नंबर आहे. कारखान्यातून आल्यासारखा कोरतो, हुबेहूब."

"खोटा होईल तो, काका."

"जन्मभर खोटंच केलं हो मी. तोंडात घालून लोक जेवले. कुणाला कळलं?"

मी त्यांना समजवायला हवं होतं, नियम सांगायला हवे होते. पण मी दमले होते, आणि तो माणूस काही लबाड नव्हता. काकूंनी चहा आणला होता. मी कप घेतला आणि गाडीकडे पाठ करून दारात उभी राहिले. खरं सांगायचं तर त्या वेळी त्यांनी छाप आणून दिला असता, तर मी बॅगेत टाकला असता.

मागे हत्याराची पेटी उघडल्याचा आवाज आला. मग धातूवर बारीकसं करकरलं, थांबलं, पुन्हा करकरलं. काकू माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी मागे बघितलं नाही. हातातला ट्रे मात्र घट्ट धरला होता.

मग पेटी बंद झाली.

"जमत नाही," काका म्हणाले. त्यांच्या हातात कोरणी होती आणि हात थरथरत होता. पाटीवर एक वाकडी रेघ उमटली होती, एवढीशी. "आणि जमलं असतं तरी मला दिसत राहिलं असतं ते."

त्यांनी फडक्याने ती रेघ पुसायचा प्रयत्न केला. ती पुसली गेली नाही.

"तो सुटे भाग विकणारा आहे ना, त्याला सोमवारी ये म्हणून सांग," ते काकूंना म्हणाले. "नंबर नाही म्हटल्यावर अख्खी कोण घेणार? तो तोडून नेईल."

काकू म्हणाल्या, "मी जावयाशी बोलते."

"नको. त्याने सरळ सांगितलं होतं."

सवत गेली म्हणून काकूंना हायसं वाटेल, असं मला वाटलं होतं. त्यांचे डोळे भरून आले होते. ट्रे टेकवायला त्यांना जागा सापडेना, आणि बॉनेटवर ठेवायचं त्यांच्या मनातही आलं नाही. मी तो त्यांच्या हातून घेतला.

मी बॅग आवरायला लागले तेव्हा काकांनी विचारलं, "तो पहिला, साधा विमा, त्याला हा छाप लागतो?"

"नाही. पुस्तकातला नंबर पुरतो."

"आत्ता होईल?"

"मोबाइलवर होईल. पण काका, त्यात तुमच्या गाडीला काहीच मिळत नाही. तो फक्त गाडी रस्त्यावर काढता यावी म्हणून असतो."

"तेच म्हणतोय मी."

"वर्षाचा निघतो तो. तुम्हाला सोमवारपर्यंतच..."

"वर्षाचा तर वर्षाचा. काढा."

काढला. माझ्या सगळ्या नोकरीत इतका निरुपयोगी आणि इतका मनापासून घेतलेला विमा मी दुसरा काढला नाही. काकांनी गाडी सुरू केली. पहिल्या चावीलाच लागली, घरघर नाही की धूर नाही. गाडी बाहेर अंगणात आली आणि ते खाली उतरून म्हणाले, "चला, मॅडम, तुम्हाला स्टॉपपर्यंत सोडतो. तू पण चल गं."

रस्त्यावर दुपारच्या पावसाचा चिखल होता. मी तो बघितला, काकूंनी बघितला, काकांनीही बघितलाच असेल.

मी न सांगताच सँडल काढले, हातात धरले आणि मागे जाऊन बसले. काकू पुढच्या दाराशी आल्या. दाराचा आधार घेऊन त्या हळूहळू वाकल्या, चपलेचा पट्टा सोडायला.

"असू दे," काका म्हणाले.

"काय असू दे?"

"चपला. असू देत पायात. बस तशीच."

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. तशाच आत बसल्या, दार हळूच ओढून घेतलं. काकांनी गाडी चिखलातून बाहेर काढली आणि मोठ्या रस्त्याला घेतली. पुढच्या सीटवर काकूंचे गुडघे जरा वर उचललेले मला मागून दिसत होते. माझा स्टॉप येईपर्यंत त्यांनी चपला गालिच्याला टेकवल्या नाहीत.