होडीतली दहावी बाई

प्रमोदिनीला जाऊन सात महिने झाले होते, तेव्हा औरंगपुऱ्यातल्या पुस्तकाच्या दुकानाच्या काचेत केशवला ती होडी दिसली.

बर्फाचे तुकडे तरंगणारी नदी आणि होडीत दहा माणसं. हंगेरीतला जुना, काळा-पांढरा सिनेमा. प्रमोदिनीनं तो चित्रपट मंडळात पहिल्यांदा पाहिला तेव्हा ती कॉलेजच्या लायब्ररीत क्लार्क होती. घरी येऊन म्हणाली, "अहो, ह्या नट-नट्यांचं पुढं काय झालं असेल हो?"

केशव एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर. तो म्हणाला, "काय व्हायचंय? शूटिंग संपलं, घरी गेले."

तिचं एवढ्यावर समाधान झालं नाही. एकतीस वर्षं तिनं पत्रं लिहिली. वकिलातीला, नाटक कंपन्यांना, इंटरनेट आल्यावर त्यांच्या नातवंडांना. प्रत्येकासाठी लायब्ररीतलं जाड कार्ड. वर भूमिका, खाली 'पुढं काय झालं'. नावाडी झालेला नट पुढं ट्राम चालवत होता. नवरी झालेली मुलगी देश सोडून पळाली आणि तिनं बेकरी काढली. पाद्री दारूनं गेला. कुणी गेल्याचं कळलं की प्रमोदिनी कार्डावर लाल पेनानं तारीख घालायची आणि त्या दिवशी घरात गोड करायची नाही. "आज नावाडी गेला," म्हणायची, "शिरा राहू द्या."

काचेतल्या पुस्तकावर होडीखाली नाव श्रीरंगचं होतं, आधी प्राध्यापक आणि डॉक्टर लावून.

श्रीरंग मंडळाचा सचिव. पंधरा वर्षं केशवच्या घरी जेवलेला, काकूंच्या हातचं थालीपीठ मागून खाणारा. प्रमोदिनी दवाखान्यात होती तेव्हा उशाशी कार्डांचा डबा होता. तो त्यानं उचलला. "काका, स्कॅन करून चार दिवसांत आणून देतो. हे जपलं पाहिजे." पाचव्या दिवशी ती गेली. डबा काही आला नाही. फोन केला की श्रीरंग मीटिंगमध्ये असायचा.

केशवनं पुस्तक मागून घेतलं आणि उभ्या उभ्या शेवटचं पान उघडलं. आभाराची सतरा नावं होती. पंधरावं नाव: सौ. प्रमोदिनी (टंकलेखन साहाय्य).

"घेऊन टाका काका, लई चाललंय," दुकानदार म्हणाला. "दहावं प्रकरण वाचा. डोळ्यांत पाणी येतं."

केशवनं दहावं प्रकरण काढलं. वाचता वाचता सात महिन्यांत पहिल्यांदा तो हसला. दुकानदारानं चमकून पाहिलं, कारण ते हसणं काही बरं नव्हतं.

होडीच्या टोकाला एक बाई शाल पांघरून बसलेली आहे. तिचा चेहरा दिसत नाही आणि नावांच्या पाटीत तिचं नाव नाही. नऊ माणसं प्रमोदिनीला सापडली, ही कधीच सापडली नाही. दवाखान्यात अन्न जाईना तेव्हाही तिला ह्याचीच चुटपुट. म्हणून एका दुपारी केशवनं कोरं कार्ड घेतलं आणि स्वतःच लिहिलं. शालवाली पुढं लायब्ररीत लागली. नवरा फिटर. भाजीत मीठ दोनदा घालायची. अंगणात सीताफळाचं झाड, त्याखाली बसून पत्रं लिहायची. वय अठ्ठ्याऐंशी. अजून आहे.

प्रमोदिनी बासष्ट वर्षांची होती. कार्ड वाचून ती खोकला येईपर्यंत हसली. "अहो, तिथं नदी गोठते. सीताफळ कुठनं आणलंत?"

"दौलताबादेहून."

"येडेच आहात," ती म्हणाली आणि ते कार्ड तिनं स्वतःच्या हातानं डब्यात लावलं. त्यानंतर ती अशी हसली नाही.

श्रीरंगनं लिहिलं होतं, 'तिच्या लेकीनं त्याच सीताफळाखाली बसवून मला ही हकीकत सांगितली. एक फळ माझ्या हातावर ठेवलं.' उन्हाळ्यात तो खरंच तिकडं आठ दिवस जाऊन आला होता. सीताफळ म्हणजे इथल्या माणसाला अंगणातलं झाड. उतरवून घेताना त्याला काही खटकलंच नसणार.

केशव चांदपाशाकडं गेला. मंडळाचा प्रोजेक्टर आणि माइक सांभाळणारा माणूस, रिळांच्या काळापासूनचा.

"इतवार को मंडल में इस किताब का जलसा है," चांदपाशा म्हणाला. "पैले पिच्चर, फिर सवालां. तुम बोलो केशवभाई. माइक मेरे हात में है. कौन बंद करता देखतूं."

रविवारी सभागृह भरलं. सिनेमा संपला. मंडळाचा रिवाज असा, की पहिला प्रश्न सगळ्यांत जुन्या सभासदाचा. नवरा-बायकोचं सभासदत्व एकच असायचं. चौथ्या नंबरचं प्रमोदिनीचं, आणि आधीचे तिघं कधीच वारले होते. श्रीरंगला नाव पुकारावंच लागलं. "आमचे केशवकाका!"

केशव पिशवी घेऊन पुढं गेला.

"सर," तो म्हणाला. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच त्यानं श्रीरंगला सर म्हटलं. "शालवालीचं घर तुम्ही डोळ्यांनी पाहिलं?"

"हो काका. तो अनुभव मी विसरू शकत नाही."

"अंगणात झाड होतं?"

"पुस्तकात आहेच की ते."

"फळ खाल्लं?"

"खाल्लं ना!" श्रीरंग लोकांकडं बघून हसला. "अगदी आपल्यासारखं गोड."

केशवनं पिशवीतून सीताफळ काढलं आणि पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ठेवलं. सकाळीच शहागंजातून घेतलेलं, चांगलं डोळे उघडलेलं.

"हे असंच?"

"असंच," श्रीरंग म्हणाला आणि मग लोकांच्या नजरेमागं त्याची मान वळली. पडद्यावर बर्फाची नदी तशीच होती. चांदपाशानं ती घालवलीच नव्हती.

मागून कुणीतरी ओरडलं, "सर, बर्फात सीताफळ? आमच्या करमाडला जरा थंडी वाढली तरी पान राहत नाय झाडाला!"

सभागृह हसलं. केशवला ते हसणं आवडलं नाही. त्या सीताफळावर हसलेलं एकच माणूस त्याला हवं होतं. पण तो थांबला नाही.

"ते झाड नाही, ती लेक नाही, ती बाईसुद्धा नाही. ते मी लिहिलं, दवाखान्यात, बायकोला हसवायला. मी फिटर माणूस. तिथं काय उगवतं मला काय ठाऊक? बाकीची नऊ माणसं खरी आहेत. ती प्रमोदिनीनं शोधली, एकतीस वर्षं घालून. ह्यांच्या पुस्तकात ती टायपिस्ट आहे. सतरा नावांत पंधरावी."

श्रीरंगनं माइक बंद करायची खूण केली.

"खराब हुआ सर," चांदपाशा वरून म्हणाला. "बंदच नै होरा."

लोक उठून जाऊ लागले. जाताना पुस्तकांच्या टेबलाशी कुणी थांबलं नाही. श्रीरंगनं गाडीतून डबा आणला आणि केशवला पायरीवर गाठलं. त्याचा झब्बा घामानं चिकटला होता.

"काका, मी घरचा माणूस. एक फोन करायचा होता."

"बावीस केले."

"दुसऱ्या आवृत्तीत काकूंचं नाव कव्हरवर घेतो. आधी त्यांचं, मग माझं."

"नको. आहे तिथंच राहू दे, पंधरावं. सीताफळ पण काढू नको. जो वाचील तो तुला विचारील. सांगत बस जन्मभर."

"एवढा राग, काका?"

"व्हय," केशव म्हणाला आणि डबा घेऊन रिक्षात बसला.

घरी आल्यावर त्यानं कार्डं मोजली. दहा होती. त्यांच्या मागं काही कोरी होती. त्यातलं एक काढून त्यानं तिच्यासारखंच वर लिहिलं: भूमिका, घरचा माणूस. खाली लिहिलं: पुढं काय झालं. त्यापुढची जागा मोकळी ठेवून कार्ड अकरावं लावलं.

तिचं लाल पेन डब्यातच होतं. कागदावर ओढून पाहिलं तर चालत नव्हतं. केशवनं चपला घातल्या आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून नवी लाल रिफिल आणली.