दादाची ओळ

सकाळी चहा घेता घेता धाकट्याने संगणकावर आलेली पत्रं उघडली. एका अनोळखी बाईंनी लिहिलं होतं, "तुमच्या वेब सर्व्हरला भोक आहे. पत्त्यात दोन टिंबं आणि तिरकी रेघ टाकली, की तो आतल्या बंद फायलीही बिनबोभाट हातात ठेवतो. मी अजून कुणाला बोललेले नाही."

त्याने करून पाहिलं. पासवर्डांची फाइल समोर हजर!

हा सर्व्हर, म्हणजे वेबसाइटची पानं मागणाऱ्यापर्यंत पोचवणारा प्रोग्राम, दोघा भावांनी बारा वर्षांपूर्वी लिहून फुकट वाटला होता. आता कितीतरी दवाखाने, शाळा, ग्रंथालयं त्यावर चालत. धाकट्याने कोडच्या जुन्या नोंदी उपसल्या. चुकलेली ओळ दादाची होती. खाली 'तपासलं' असा शेरा धाकट्याचा स्वतःचा, न वाचताच मारलेला. दादाचं काय तपासायचं!

आणि दादाला तर गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आलेला. उजवा हात लुळा, बोलणं दोन-चार शब्दांचं.

"वहिनी, त्याला कळू देऊ नका. आधीच खचलाय."

"भाऊजी, ते आजारी आहेत, कुक्कुलं बाळ नाहीत," वहिनी म्हणाली आणि तिने खुर्ची ढकलत दादाला थेट पडद्यासमोर आणलं.

दादाने सावकाश वाचलं. डावं बोट त्या ओळीवर टेकवलं. "माझी."

"आपली," धाकटा म्हणाला. "हे बघ, दुरुस्तीही झाली. दोन टिंबं दिसली की सर्व्हर दारातूनच हाकलतो. आता पाठवतोच सगळ्यांना."

दादाने जोरात मान हलवली. "टक्के."

"किती टक्के, दादा?"

"टक्के! टक्के!" त्याचा चेहरा लालबुंद झाला. धाकट्याला वाटलं, बिचाऱ्याचे शब्द पुन्हा घसरले. तो पाणी आणायला उठला, तोवर दादाने कीबोर्ड ओढून एका बोटाने टक्क्याचं चिन्ह उमटवलं, पुढे दोनचा आकडा, पुढे एक अक्षर.

धाकटा परत पडद्याकडे वळला. पत्त्यात टिंब असं वेष पालटूनही लिहिता येतं! त्याचा पहारेकरी उघड्या टिंबांना अडवणार आणि वेषांतर केलेल्यांना सलाम ठोकून आत सोडणार. अशी अर्धवट दुरुस्ती बाहेर गेली असती, तर चोरांना भोक कुठे आहे तेवढं नेमकं कळलं असतं.

"आधी वेष उतरवायचा, मग तपासायचं. हेच ना?"

दादाने डोळे मिटून मान डोलावली.

नवी दुरुस्ती आधी त्या बाईंकडे गेली. दुपारी उत्तर आलं: "सगळ्या खोड्या करून पाहिल्या. एकही चालली नाही."

मग जाहीर सूचना लिहायला घेतली. 'चूक आमची' एवढ्यावर दादा ऐकेना. स्वतःचं नाव घालायला लावलंच. धाकट्याने शेजारी आपलं घातलं आणि भोक शोधल्याबद्दल बाईंचे आभार मानले.

तासाभरात पत्रांचा पाऊस सुरू झाला. कुणी धन्यवाद दिले, कुणी चांगलंच फैलावर घेतलं. "एवढी साधी गोष्ट कळू नये?" असं एकाने दादाचं नाव घेऊन विचारलं, तेव्हा दादा खो-खो हसला. वहिनी स्वयंपाकघरातून धावत आली; हे हसणं तिने वर्षभरात ऐकलं नव्हतं.